मुलांना ख्रिस्ती विश्वास द्यायचा कसा? एका आईच्या पत्राला उत्तर

प्रश्न: आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, आता नोकरीमुळे पिंपरीत असतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तेरा. दोघंही इंग्रजी माध्यमात. रविवारी न चुकता उपासनेला जातो. मुलगी संडे स्कूलमध्ये रमते, मुलगा मात्र ‘बोअर होतं’ म्हणून कुरकुरतो. सासूबाईंचा आग्रह असा की रोज एक वचन पाठ झालंच पाहिजे. परवा मुलीनं विचारलं, ‘नोहाच्या वेळी जलप्रलयात बाकीची मुलं देवानं का बुडवली?’ मला उत्तर सुचलं नाही. आम्हाला लहानपणी कुणी बसवून शिकवलं नव्हतं, सगळं आपोआप आलं. मग या मुलांना शास्त्र, म्हणजे बायबल, आणि विश्वास द्यायचा कसा? आणि मुलाला दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीला, कधी बसवू?

उत्तर: ताई, सलाम.

नोहापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. सात वर्षांची पोर गोष्ट नुसती ऐकून उठली नाही. नोहाच्या तारवाबाहेर, म्हणजे जहाजाबाहेर, कोण राहिलं, याचा तिनं विचार केला. चित्रांच्या पुस्तकात तारवाच्या खिडकीतून जिराफ मान बाहेर काढून हसत असतो, वर इंद्रधनुष्य असतं, जणू सहलच निघाली आहे. त्या चित्रांना ती फसली नाही.

तिला सांगा, ‘मलाही हा प्रश्न पडतो गं, चल वाचून बघू.’ बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडा. पृथ्वी जुलमानं भरून गेली होती असं तिथं आहे, आणि हे सगळं पाहून देवाला मनापासून दुःख झालं असंही आहे. हे दुसरं वाक्य संडे स्कूलच्या पुस्तकांतून हटकून गळतं. मग नवव्या अध्यायातलं धनुष्य वाचा. पुन्हा असा जलप्रलय आणणार नाही, असा करार देव करतो, आणि ते धनुष्य पाहून आपल्यालाच या कराराची आठवण होईल असं म्हणतो. एवढ्यानं तिचं समाधान होईल? अर्धवट होईल. राहिलेलं राहू द्या. ‘देव जे करतो ते बऱ्यासाठीच’ असं झाकण घातलंत तर ती गप्प बसेल, पण पुढचा प्रश्न तुमच्याकडे आणणार नाही. थोरल्याचं ‘बोअर होतं’ हे पुष्कळदा अशाच झाकलेल्या प्रश्नांचं नाव असतं.

मी नगरकडच्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल चालवण्यात उमेदीची वर्षं घालवली, पोटापाण्यासाठी शाळेत शिक्षिका होते. या सगळ्यातून माझं ठाम मत झालंय ते असं: मुलांना शास्त्र शिकवताना आपण उत्तरं आधी देतो आणि प्रश्नांची वाटच बघत नाही. शास्त्राची स्वतःची रीत उलटी आहे. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाचा, विधी सांगताना मोशे म्हणतो, तुमची मुलं विचारतील, ह्याचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला लावले, ते कशासाठी? तर पुढं मुलांनी विचारावं, ‘हे धोंडे इथं कशाला?’ म्हणजे आधी मुलाला दिसेल असं काहीतरी घरात मांडायचं, मग त्यानं विचारायचं, मग गोष्ट सांगायची. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडला तेव्हा तोही ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता.

तुम्ही लिहिलंय, ‘आम्हाला आपोआप आलं.’ आपोआप काही आलं नाही, ताई. तुमच्या गावात मंडळी होती, संध्याकाळी पेटीतबल्यावर भजन चालायचं, नाताळच्या आधी रात्री फेरी निघायची, कापणीच्या सणाला शेतातली पहिली कणसं नि भाज्या वेदीपुढे मांडल्या जायच्या. आजी जात्यावर नाही तरी चुलीपुढे उपासनासंगीतातलं गाणं गुणगुणायची. तुम्ही विचारावं अशा वस्तू चहूकडे पडलेल्या होत्या. पिंपरीच्या चौथ्या मजल्यावर त्यातलं फारसं काही नाही. आठवड्याला दीड तास चर्च, बाकी शाळा, क्लास, मोबाइल. तेव्हा पूर्वी गाव जे करायचं, त्यातलं थोडं तुम्हाला घरात मुद्दाम आणावं लागेल. फार नको. आठवड्यातून चार संध्याकाळी दहा-बारा मिनिटं पुष्कळ झाली. रोजचा हट्ट धरलात तर पंधरा दिवसांत मोडेल.

काय करायचं ते सविस्तर सांगते.

मार्कचं शुभवर्तमान घ्या. येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतलं सगळ्यात छोटं, सोळा अध्याय, आणि त्यात माणसं सारखी कुठंतरी निघालेली असतात. जेवणं उरकल्यावर ताटं तशीच बाजूला सारून एक प्रसंग मोठ्यानं वाचायचा. वाचणारं माणूस बदलत ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी मुलांच्या बाबांनी वाचावं. ते कितीही दमले असोत, ही सूट देऊ नका. बाप वाचत नाही हे मुलगा बघत असतो. वाचून झालं की उपदेश करायचा नाही. एवढंच विचारायचं: ‘तुला यात काय दिसलं?’

नमुन्याला पाचव्या अध्यायातली याइराची मुलगी घ्या. बारा वर्षांची पोर वारली आहे, घरात रडारड चालली आहे. येशू सगळ्यांना बाहेर काढतो, आईबापांना आणि तीन शिष्यांना आत नेतो, तिचा हात धरतो आणि तिच्या बोलीत म्हणतो, ‘तलीथा कूम’. मुली, ऊठ. ती उठून चालू लागते. सगळे थक्क. मोठी माणसं ही गोष्ट इथंच संपवतात आणि ‘येशूला मरणावर सत्ता आहे’ असा धडा काढतात. धडा बरोबरच आहे. पण वाक्य आणखी एक आहे: तिला काहीतरी खायला द्या, असं त्यानं सांगितलं. माझ्या वर्गातली लहान मुलं हमखास इथं अडकायची. काय दिलं असेल? भाकरी? मासा? आजारातून उठल्यावर आपल्याला पेज देतात तशी पेज? त्यावर पाच मिनिटं वाद घालू द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर पोरीला भूक लागली असेल हे ज्याच्या ध्यानात आलं, तो येशू मुलांना तिथं भेटतो, आणि मग प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना त्यांना भाकर दिसते.

गोष्ट अर्धी सांगू नका, हा माझा दुसरा आग्रह. योनाचं पुस्तक चार अध्यायांचं आहे, आणि आपण माशाच्या पोटातून बाहेर आल्यावर ते मिटतो. खरी गंमत चौथ्यात आहे. निनवे शहर नाशातून वाचलं म्हणून योना रुसून बसतो, सावलीचं झाड वाळलं म्हणून मरणच बरं म्हणतो, आणि देव त्याला विचारतो: तुला एका झाडाची कीव येते, मग ज्यांना उजवाडावा हात कळत नाही असे एक लाख वीस हजारांहून जास्त लोक आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या शहराची मला येऊ नये का? पुस्तक या प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही धाकटा परत आल्याची मेजवानी चालू असताना थोरला भाऊ दाराबाहेरच उभा राहतो. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही. तुमच्या थोरल्याला विचारा, ‘तू असतास तर गेला असतास?’ घरातल्या थोरल्या मुलांना या भावाबद्दल बरंच बोलायचं असतं.

कोणत्या वयाला काय, याचं माझं गणित साधं आहे. सहा-सात वर्षांपर्यंत येशूच्या गोष्टी: वादळ, हरवलेलं मेंढरू, उंबरावर चढलेला जक्कय, चांगला शोमरोनी. योसेफ आणि रूथ आठ-नऊला. रूथ तर आपल्याकडच्या मुलांना चटकन कळते, सुगीनंतर शेतात सरवा वेचणारी बाई गावाकडं सुट्टीत गेलेल्या पोरानं पाहिलेली तरी असते किंवा आजीकडून ऐकलेली. नोहा खरं तर मी नऊ-दहाच्या आत सांगत नाही. अब्राहाम इसहाकाला बळी द्यायला निघतो ती गोष्ट त्याहून उशिरा, आणि झोपायच्या वेळी कधीच नाही. बाप सुरी उचलतो हे ऐकून मूल रात्री आपल्या बापाकडे कसं बघेल, याचा विचार करा.

भाषेची अडचण खरी आहे. पवित्र शास्त्राचं जुनं भाषांतर भारदस्त आहे, पण इंग्रजी माध्यमातल्या मुलाला त्यातली वाक्यं दगडासारखी लागतात. मुलाला वाचायला लावू नका, तुम्ही वाचा. कानाला ते चांगलं लागतं. सोप्या मराठीत हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या. वसईच्या कॅथलिक धर्मगुरूंचं म्हणून आपल्या प्रोटेस्टंट घरांत कुणी नाक मुरडतं, त्याकडं लक्ष देऊ नका. मुलगा इंग्रजी बायबलच वाचणार असेल तर वाचू दे. प्रार्थना मात्र तुम्ही घरी ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत करा.

आता सासूबाई. त्यांच्या बाजूनं बोलणारी मी जुनी बाई आहे. पाठांतराला आजकाल नावं ठेवतात. पण सगळं विसरलेली म्हातारी माणसं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ एवढं ऐकलं की पुढचं आपणहून म्हणतात, हे मी रुग्णालयांत आणि घरांत पाहिलंय. तोंडपाठ असलेलं अडीअडचणीला हाताशी येतं, मोबाइलमधलं येईलच असं नाही. माझी तक्रार रोज एका सुट्या वचनाबद्दल आहे. मागचापुढचा संबंध तोडून उचललेली तीनशे वचनं पाठ करण्यापेक्षा स्तोत्र २३ पूर्ण घ्या, त्यात सहाच वचनं आहेत. मग १२१, मग मत्तयाच्या पाचव्यातली धन्यवचनं, मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. दिवसाला एक ओळ वाढवायची, वेणी घालताना किंवा शाळेच्या बसची वाट बघताना. चुकलं तर ओरडायचं नाही, पुढची ओळ आपण म्हणायची. आणि हे काम सासूबाईंकडेच सोपवा. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहिताना प्रेषित पौलानं आधी त्याच्या आजीचं, लोईसचं नाव घेतलं, मग आईचं, युनीकेचं. आजीनं नुसतं पाठ घेऊ नये, ती ओळ आपल्याला कधी आठवली तेही सांगावं. दुष्काळात, बाळंतपणात, आजोबा गेले तेव्हा. मुलं त्यासाठी आजीजवळ बसतील.

गाणीही सोडू नका. आपल्याकडं विश्वास गाण्यातून आलाय. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात साष्टीच्या लोकांसाठी ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये छापलं, ते ओव्यांत. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना नुसती प्रश्नोत्तरी पुरेना. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली, कीर्तनं केली. तुमच्या मुलाला गिटार आवडत असेल तर गिटारवर टिळकांचं भजन बसवायला सांगा. नगरच्या काही तरुण मुलांनी तसं केलेलं मी ऐकलंय. जुन्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पायानं ताल धरत होते.

संडे स्कूलवर सगळा भार टाकू नका. १७८० मध्ये इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी ती सुरू केली ती आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना रविवारी लिहावाचायला शिकवण्यासाठी. आईबापांची जागा घ्यायला ती निघाली नव्हती. तुमच्या मुलीचा वर्ग चांगला आहे की नाही हे एकदा मागं बसून बघा. शिक्षिका मुलांना बोलू देते का, की शेवटी रंगवायचा कागद देऊन वेळ काढते? आणि एक गोष्ट विचारायला लाजू नका: वर्गात दोन मोठी माणसं असतात का, दार उघडं असतं का? चर्चमध्ये सगळे आपलेच, असं म्हणून हे टाळलं जातं. टाळू नये. उन्हाळ्यात व्हीबीएसला, म्हणजे चर्चच्या सुट्टीतल्या बायबल वर्गाला, सोसायटीतली इतर मुलं यायची म्हणाली तर त्यांच्या आईवडिलांना आधी नीट सांगा, काय शिकवतात तेही सांगा, आणि त्यांचा होकार असेल तरच न्या.

शास्त्राची छडी मात्र करू नका. ‘देव बघतोय हं’, ‘खोटं बोललास, येशूला किती वाईट वाटलं असेल’ ही वाक्यं आपल्या घरांत सर्रास असतात. मुलाला अपराधी वाटवायला ती सोयीची पडतात, आणि मग देव म्हणजे शेजारच्या खोलीत बसलेले हेडमास्तर होऊन बसतात. इफिसकरांस पत्रात बापांना सरळ बजावलंय, आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. चूक झाली की रागवा, पण तुमच्या नावानं रागवा. शिक्षा म्हणून वचन पाठ करायला लावणं हा तर मला गुन्हाच वाटतो. त्यापेक्षा तुम्ही मुलावर विनाकारण भडकलात तर संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याच्यादेखत क्षमा मागा. क्षमा म्हणजे काय, हे त्याला तेव्हा कळेल.

शाळेत, सोसायटीत काय होतं त्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण तेही येणारच. ‘आपण गणपती का बसवत नाही?’ याचं उत्तर शेजाऱ्यांच्या देवाला नावं न ठेवता देता येतं: ‘त्यांची भक्तीची रीत ती, आपली ही, आपण येशूला प्रभू मानतो.’ प्रसादाबद्दल ख्रिस्ती घरांत एकमत नाही. पौलानं करिंथकरांना लिहिताना याच प्रश्नावर अख्खा अध्याय खर्च केलाय. तुम्ही नवराबायको आधी आपसांत ठरवा आणि मुलांना एकच सांगा. घ्यायचा नसेल तर ‘नको, आभारी आहे’ हे हसून म्हणायला शिकवा.

अवघड टोमणा वेगळा असतो. पाचवी-सहावीत कुणीतरी म्हणतं, ‘तुमच्या पणजोबांनी दुष्काळात धान्यासाठी धर्म बदलला.’ मूल घरी येऊन गप्प बसतं. याला उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या. नगर जिल्ह्यात दुष्काळ पडले होते, १८७६ ते ७८चा तर मोठाच. मिशननं अन्न दिलं, शाळा काढल्या, हेही खरं. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांची पोरं बाकावर बसून वाचायला शिकली. त्यात कुणी पोटासाठी आलं असेल, कुणी मानासाठी, कुणी येशूच्या ओढीनं, बरेच जण तिन्हीसाठी. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? येशूनंही भुकेल्यांना आधी जेवू घातलं. तुमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कुणाचा झाला, कुठल्या गावी, तेव्हा घरच्यांनी काय केलं, हे सासूबाईंकडून आणि मंडळीच्या नोंदवहीतून काढा आणि मुलांना सांगा. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ थोरल्याला आता वाचून दाखवता येतील. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंनी लगेच त्यांच्यामागं जाऊन तो घेतला नाही, पुढची काही वर्षं त्या भांडल्या, रडल्या, विचार करत राहिल्या, आणि मग स्वतःच्या पायानं आल्या. हे सगळं त्यांनी इतकं हसवत लिहिलंय की मुलगा पुस्तक बंद करू देणार नाही.

तेरा वर्षांच्या मुलाला उपासनेला ओढत नेऊ का, असं तुम्हाला विचारायचं असणार. कुटुंब म्हणून जातो तेव्हा त्यानं यावं, जसा तो लग्नाला येतो. पण तिथं गेल्यावर भक्तिभाव चेहऱ्यावर दाखवायची सक्ती नको. त्याला काम द्या. माइकच्या वायरी, प्रोजेक्टर, खुर्च्या, लहानांच्या वर्गात मदत. या वयाचं मूल हातानं आधी मंडळीचं होतं. घरी त्याचे प्रश्न ऐका. सृष्टी सहा दिवसांत झाली की कोट्यवधी वर्षांत, हा पहिला येईल. शास्त्राला मानणाऱ्या माणसांतही यावर वेगवेगळी मतं आहेत हे त्याला सांगा, विज्ञानाच्या बाईंना खोटं पाडायला लावू नका. प्रार्थनेला उत्तर का मिळत नाही, हा दुसरा. त्याला स्तोत्र ८८ दाखवा, ते अंधारातच संपतं, तरी स्तोत्रसंहितेत आहे. वधस्तंभावर येशूनं ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं म्हटलं, तेही बाविसाव्या स्तोत्रातलं. येशू पुन्हा उठला हे ऐकून शिष्य थोमानं ‘हाताला लागल्याशिवाय मानणार नाही’ म्हटलं, त्याला कुणी बाहेर काढलं नाही. आठ दिवसांनी तो त्याच खोलीत इतरांबरोबर होता. घरात असं बोलायला जागा आहे, एवढं मुलाला कळलं तरी पुष्कळ.

दृढीकरणाचं म्हणाल तर तो स्वतः म्हणेल तेव्हा. बिशपसाहेब येणार आहेत, सगळी बॅच बसते आहे, नातेवाइकांना सुट्टी आहे, यातलं एकही कारण पुरेसं नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही त्याच्या वतीनं बोललात. आता त्यानं मंडळीपुढं उभं राहून ते आपल्या तोंडानं म्हणायचं असतं. पाळकसाहेबांना सांगून त्याला तयारीच्या वर्गाला बसवा, पण ‘वर्ग झाल्यावर हो म्हण, नको म्हण, पुढच्या वर्षी म्हण, आम्ही रागावणार नाही’ हे त्याला आधीच सांगा, आणि सासूबाईंनाही सांगून ठेवा, नाहीतर त्या तेवढ्यात केकची ऑर्डर देऊन बसतील.